सिम्युलेटर सेंटर काढताय? पीसीत पैसा कुठे घालायचा?

एक लक्षात ठेवा, विमान अडखळत उडालं तर गिऱ्हाईक परत येत नाही.

बरेच जण सगळं भांडवल ग्राफिक्स कार्डात घालतात. पण मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मोठ्या विमानतळावर बऱ्याचदा प्रोसेसरच कमी पडतो. म्हणून जास्त कॅशवाला प्रोसेसर बघा. रायझन ७ ७८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी एल३ कॅश आहे.

२०२४ च्या आवृत्तीसाठी कंपनीच ३२ जीबी रॅम आणि ५० एमबीपीएस इंटरनेट सुचवते, कारण बरीचशी दृश्यं उडतानाच नेटवरून येतात.

दुकानातच चाचणी घ्या. रिझोल्यूशन कमी केल्यावर फ्रेम वाढल्या, तर कार्ड कमी पडतंय. नाही वाढल्या, तर बहुधा प्रोसेसर.

व्यावसायिक वापराचा परवाना आधी तपासा. आणि सुरुवात एकाच मशीनने करा!