सागरी प्रवाहमापकातील होकायंत्राचे अंशांकन
मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असल्याने कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेला पर्याय म्हणून 1904 मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली. वेधशाळा अशी दूर नेता येते. सागरी प्रवाहमापकाला मात्र बॅटरीचे पोलादी आवरण सोबतच बाळगावे लागते.

गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था पश्चिम किनाऱ्यालगत अशी उपकरणे नांगरून ठेवते. ती प्रवाहाचा वेग ध्वनिलहरींनी मोजतात. दिशा होकायंत्रावरून ठरते. त्यात 5 अंशांची चूक राहिल्यास किनाऱ्याला समांतर, सेकंदाला 50 सेंटीमीटर वेगाच्या प्रवाहातून काटकोनात सुमारे 4 सेंटीमीटरचा आभासी प्रवाह नोंदला जातो. पाणी किनाऱ्याकडे येते की दूर जाते, हा निष्कर्षच त्यामुळे बदलू शकतो. म्हणून बॅटरी बदलल्यावर उपकरण लोखंडापासून दूर नेऊन 360 अंशांतून फिरवतात आणि प्रत्येक दिशेची चूक मोजून दुरुस्त करतात.