पेढीवरील इंटरनेट टेलिफोन : काही अनुभवाचे बोल

धान्याच्या घाऊक व्यापारात कागदाच्या आधी शब्द जातो. तूर असो, हरभरा असो वा ज्वारी असो, सौदा प्रथम टेलिफोनवर ठरतो. चिठ्ठी, बिल्टी व बिल मागाहून येतात. म्हणून ज्या यंत्रावरून हा शब्द जातो, त्याची थोडीबहुत ओळख मालकाने स्वतः करून घ्यावी, असे आमचे मत आहे. वजनकाटा तपासण्याचे काम आपण परक्या माणसावर सोडीत नाही. टेलिफोन मात्र सर्वस्वी मिस्त्रीच्या हवाली करतो, हे काही ठीक नव्हे.

साठी ओलांडलेल्या सभासद बंधूंना ट्रंक कॉलचे दिवस आठवत असतील. सुरतेहून दोंडाईचे मागावयाचे म्हणजे सकाळी नंबर नोंदवावा व दुपारपर्यंत पेढी सोडू नये. घाई असल्यास 'अर्जंट', फारच घाई असल्यास 'लाइटनिंग'. नंबर फिरवून थेट परगावी बोलण्याची सोय आपल्या देशात १९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान सुरू झाली व पुढे हळूहळू पसरली. आता पेढी, गोदाम आणि खानदेशातील खरेदीचे ठिकाण ही तिन्ही इंटरनेटच्या योगाने एकाच एक्स्चेंजवर आणता येतात. आमच्याकडे अशी व्यवस्था आहे.

हे एक्स्चेंज 'अ‍ॅस्टेरिस्क' नामक संगणक-प्रणालीवर चालते. मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाने ती १९९९ साली लिहिली. त्यास आपल्या लहानशा धंद्याकरिता टेलिफोन एक्स्चेंज हवे होते व विकतचे परवडत नव्हते. तयार झालेली प्रणाली त्याने कुलूपबंद न ठेवता सर्वांस खुली केली. 'फ्रीपीबीएक्स' हा तिचा दर्शनी भाग होय. संगणकाच्या पडद्यावर पाने उघडून त्यांतून नंबर देणे, वळविणे इत्यादी कामे करावयाची. प्रणालीस दाम नाही, परंतु टेलिफोन, संगणक व जाणत्या माणसाची मजुरी यांस दाम आहेच. सर्व फुकटात होते असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. सर्वांत जास्त त्रास देणारे दुखणे म्हणजे एकतर्फी आवाज. घंटी वाजते, समोरचा उचलतो, त्यास आपले ऐकू जाते, पण त्याचे आपणांस येत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या पेढीवर हेच झाले. मुनीमजींनी एका दलालास एक गाडी तुरीचा भाव सांगितला. पलीकडून काहीच ऐकू येईना, तेव्हा लाइन मेली असे समजून त्यांनी तोच भाव दुसऱ्या दलालास मोबाइलवरून दिला व त्याने तो घेतला. पहिल्या दलालाने मात्र सारे ऐकले होते आणि तिकडून 'दिली' असेही म्हटले होते. दुसऱ्या दिवशी दारात दोन गाड्या उभ्या! शब्द गेला होता. दोन्ही उतरवून घेतल्या.

याचे कारण समजण्यास इंजिनिअर असावे लागत नाही. या टेलिफोनमध्ये प्रत्येक संभाषणाचे दोन भाग असतात. एक भाग कोणी कोणास बोलावले, उचलले की नाही, आवाज कोठे पाठवावा, हे कळवितो. त्यास 'सिप' म्हणतात. दुसरा भाग म्हणजे प्रत्यक्ष आवाज; तो निराळ्या मार्गाने जातो. जणू बिल्टी टपालाने आणि पोती मालमोटारीने. बिल्टीवर पत्ता चुकीचा पडला तर टपाल पोचते, माल भलत्याच दारी जातो. पेढीतील यंत्रांचे पत्ते १९२.१६८ असे सुरू होणारे, घरापुरते असतात. बाहेरच्यास ते निरुपयोगी. म्हणून एक्स्चेंजला आपला बाहेरचा पत्ता व आतील पत्त्यांची मर्यादा ही दोन्ही सांगून ठेवावी लागतात. आमच्या इंटरनेट पुरविणाऱ्याने बाहेरचा पत्ता बदलला व आम्हांस कळविले नाही. आमचे एक्स्चेंज जुनाच पत्ता लिहून देत राहिले. आमच्या सूनबाईंनी फ्रीपीबीएक्समधील सिप सेटिंगच्या पानावर नवा पत्ता भरला, दहा मिनिटांत काम झाले. शक्य तेथे न बदलणारा पत्ता मागून घ्यावा. त्याचे मासिक भाडे दोन गाडी तुरीपुढे काहीच नाही.

पत्ता बरोबर असूनही आवाज न आल्यास राउटर पाहावा. आवाजाकरिता अ‍ॅस्टेरिस्क सामान्यतः १०००० ते २०००० या क्रमांकांची दारे वापरते. त्यांतून आलेला माल राउटरने एक्स्चेंजकडे पोचविला पाहिजे. पुष्कळ राउटरांत 'सिप एएलजी' नावाची एक सोय असते. ती आगाऊ गुमास्त्यासारखी प्रत्येक चिठ्ठी फोडून तीतील पत्ता आपल्या मताने दुरुस्त करते. ती बंद करावी. संभाषण दर वेळी सुमारे ३२ सेकंदांनी तुटत असेल तर तेही याच घराण्यातले दुखणे समजावे. उचलल्याची अखेरची पोच एक्स्चेंजला मिळत नाही, आणि ते वाट पाहून लाइन सोडून देते.

आवाज तुटक येणे हे निराळे. त्यावर लोक लगेच जास्त वेगाचे इंटरनेट घेतात. वास्तविक नेहमीच्या पद्धतीच्या एका संभाषणास प्रत्येक दिशेने सेकंदास शंभर किलोबिटही लागत नाहीत. दहा संभाषणे एकदम चालली तरी एक मेगाबिटच्या आत भागते. गोदामाच्या कॅमेऱ्याची चित्रे त्याच वाटेने बाहेर जात असतील तर आवाज अडतो. राउटरमध्ये आवाजास अग्रक्रम द्यावा. फ्रीपीबीएक्समध्ये तारा व ४३ दाबल्यास आपलाच आवाज परत ऐकू येतो. तो स्वच्छ असेल तर पेढीच्या आतील वाट ठीक आहे, दोष बाहेर शोधावा.

चोरीविषयी थोडेसे. २०१ नंबरच्या टेलिफोनास २०१ हाच संकेतशब्द ठेवणे म्हणजे वखारीची किल्ली दारातच टांगणे होय. सुटीत, पेढी बंद असता, बाहेरचे भामटे अशा टेलिफोनावरून परदेशी बोलतात व बिल आपल्या नावे पडते. परदेशी बोलणे नसेल तर ती वाटच बंद ठेवावी आणि शाखा 'व्हीपीएन'ने जोडाव्यात. बाहेरची लाइन परवानाधारक कंपनीकडूनच घ्यावी. परदेशचे कॉल चोरवाटेने आणून स्थानिक नंबरावर सोडण्याची 'जोडकमाई' कोणी सुचविल्यास त्यास दाराबाहेर काढावे. तो गुन्हा आहे.

ज्यांची व्यवस्था जुनी आहे त्यांनी एक ध्यानात ठेवावे. सिपकरिता पूर्वी वापरला जाणारा भाग २०२३ च्या एकविसाव्या आवृत्तीतून काढून टाकला आहे. 'पीजेसिप' हा नवा भाग घ्यावा लागतो. नवी आवृत्ती चढविण्यापूर्वी सारे नंबर त्यावर आणावेत व संपूर्ण व्यवस्थेची एक प्रत बाजूस काढून ठेवावी. वीज गेली की हे टेलिफोन मुके होतात, म्हणून एक्स्चेंज व राउटर यांस बॅटरीचा आधार द्यावा. तसेच २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीमाईने केलेली दैना पाहिलेल्या सुरतकरास एक्स्चेंज तळमजल्यावर ठेवू नका, हे सांगणे नलगे. आमचे माळ्यावर आहे. बाहेरचा पत्ता, नंबरांची यादी व रात्री बोलाविता येईल अशा कारागिराचा मोबाइल नंबर एका कागदावर लिहून तो रोकडपेटीत ठेवला आहे, आणि पत्ता बदलला की मुनीमजी तारीख घालून नवा कागद लिहितात.