खाडीपलीकडचा मठ

उम्म अल कुवैन : संयुक्त अरब अमिरातीत बारमाही नदी एकही नाही. काठाकाठाने भटकायची हौस असेल तर खाडी गाठायची. दुबईच्या खाडीवर पर्यटकांची झुंबड. म्हणून आम्ही तिथून ईशान्येला साधारण 50 किलोमीटरवरचं हे आळसावलेलं गाव निवडलं.

जुन्या वस्तीतला किल्ला 1768 चा, आता त्यात संग्रहालय आहे. राजगड-रायगड डोक्यात ठेवून गेलात तर हिरमोड होईल, आपल्याकडच्या एखाद्या देशमुखी गढीएवढाच त्याचा पसारा. तिथून पाण्याकडे निघालं की तिवरांची झुडपं, चिखलात चोच खुपसून उभे रोहित पक्षी आणि पलीकडे वाळूचं सपाट सिनिया बेट.

या बेटावर ख्रिस्ती मठ सापडल्याचं नोव्हेंबर 2022 मध्ये जाहीर झालं. पायाच्या नमुन्यांचा कार्बन काळ इसवी सन 534 ते 656 च्या दरम्यान निघाला, म्हणजे इस्लामच्या उदयाच्या आगेमागेच. छोटंसं चर्च, बाप्तिस्म्याचं कुंड, प्रार्थनेच्या भाकरीसाठी असावी अशी भट्टी, आणि शेजारी अंगणाभोवती चार खोल्यांचं घर. मठाधिपतीचं किंवा बिशपचं असावं असा तर्क आहे. पुढच्याच वर्षी मठाजवळ मोती काढणाऱ्यांचं गावही उजेडात आलं. एकमेकांना खेटून बांधलेली घरं, पाणबुड्यांची वजनं आणि शिंपल्यांचे ढीग! संसार सोडलेले आणि मोत्यांमागे लागलेले असे शेजारी शेजारी नांदत होते, ही गंमत मला मठापेक्षाही जास्त आवडली.

हे मठवासी इथे भरकटत आलेले नव्हते. आखातातली ही मंडळी इराणच्या छत्राखालच्या पौर्वात्य चर्चची, आणि ते चर्च व्यापारी जहाजांच्या वाटेनेच पसरलं. सहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस लिहितो की ‘कल्लिआना’ इथे इराणहून नेमलेला बिशप असतो. बरेच अभ्यासक ते आपलं ठाण्याजवळचं कल्याण मानतात. लोकलच्या गर्दीत रोज कल्याणला उतरणाऱ्यांना याची कल्पना असेल असं वाटत नाही.

अमिरातीच्या सरकारने 2019 हे ‘सहिष्णुता वर्ष’ म्हणून साजरं केलं आणि अबू धाबीच्या सर बनी यास बेटावरचा असाच मठ नव्या छपराखाली पुन्हा खुला केला. हा निव्वळ प्रचार, असं म्हणण्याचा मोह होतो. पण तिथल्या उत्खननात जाळपोळीच्या किंवा हिंसेच्या खुणा मिळालेल्या नाहीत. इस्लाम आल्यावरही मठ आठव्या शतकापर्यंत चालू होता, मग ओस पडला. आजही देशात चर्चेस आहेत, 2024 मध्ये अबू धाबीत भव्य हिंदू मंदिर उघडलं. मात्र मुसलमानांमध्ये दुसऱ्या धर्माचा प्रचार करायला कायद्याने बंदी आहे. पूजा करा, माणसं वळवू नका, असा हा रोखठोक व्यवहार.

सिनियावर आता घरबांधणीचा मोठा प्रकल्प आला आहे. तेव्हा मठाचे अवशेष निवांत, जवळून पाहायचे असतील तर सर बनी यासच बरं. अबू धाबीहून पश्चिमेला गाडीने जबल धन्नाला जायचं आणि तिथून बोट. जायचं ते हिवाळ्यातच. मे महिन्यात या उन्हात चालायचं धाडस कुणी करू नये.