अनुशेषाला व्याज लागते काय?

चांदूर रेल्वेच्या शाखेत असताना, मार्चअखेरच्या वसुलीच्या धांदलीत, एका कास्तकाराने मला विचारले होते, "साहेब, आमच्या थकबाकीले व्याज लागते. सरकारच्या अनुशेषाले लागते काय?" मी हसून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न निवृत्तीनंतरही माझ्या मानेवर बसून आहे.

अनुशेष प्रथम मोजला वि. म. दांडेकर समितीने, 1984 साली. रीत साधी : रस्ते, सिंचन, शाळा अशा एकेका बाबीत राज्याची सरासरी काढायची आणि तिच्याखाली असलेल्या जिल्ह्याची तूट रुपयांत मांडायची. राज्याची तूट निघाली 3186 कोटी 78 लाख, त्यात विदर्भाची 1246 कोटी 55 लाख. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने 1 एप्रिल 1994 चा हिशेब मांडला, तेव्हा विदर्भाचा आकडा 6624 कोटी होता. भाव वाढले होते, मान्य. तरीही पाचपटीहून जास्त! आमच्या कास्तकाराचे कर्ज असे फुगले असते तर त्याच्या दारात जीप उभी राहिली असती.

त्याच वर्षी विदर्भ वैधानिक विकास मंडळ आले. घटनेच्या 371 (2) कलमातली तरतूद 1956 सालची. ती अमलात यायला अडतीस वर्षे लागली. मंडळाकडे स्वतःची तिजोरी नव्हती. त्याने पाहणी करायची, अहवाल द्यायचा. निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांची. आमच्या भाषेत सांगायचे तर मंडळ तपासनीस, सही राजभवनाची. म्हणून मंडळाचे वजन राजभवनात कोण बसले आहे त्यावर ठरत गेले.

पहिले पी. सी. अलेक्झांडर. इंदिरा गांधींचे प्रधान सचिव राहिलेला हा माणूस फायलीत मुरलेला. डिसेंबर 2001 मध्ये त्यांनी निधीवाटपाचे निदेश काढले. निदेश, शिफारस नव्हे. बँकेत नोकरी केलेल्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. महंमद फजल, एस. एम. कृष्णा, एस. सी. जमीर यांच्या काळात ती वाट चालू राहिली. रस्ते, शाळा यांचे खाते कागदावर मिटत गेले आणि उरला सिंचनाचा अनुशेष, तोही आमच्याच अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाण्याचा. रुपयांतली तूट खर्च पडला की फिटते, हेक्टरांतली पाणी शेतात पोचल्यावरच. के. शंकरनारायणन राज्यपाल असताना विजय केळकर समिती बसली (2011) आणि 2013 मध्ये तिचा जाडजूड अहवाल आला.

30 एप्रिल 2020 रोजी मंडळाची मुदत संपली, ती वाढवली गेली नाही. सप्टेंबर 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंडळे पुन्हा आणायचे ठरवले. ही बातमी वाचली तेव्हा मला तो कास्तकार आठवला. त्याने तेव्हा हप्ता भरला होता, व्याजासकट.