छापील आज्ञावली संगणकात उतरविताना

माळ्यावरील जुन्या मासिकांचा गठ्ठा सोडताना एखाद्या अंकात आकड्यांनी व इंग्रजी अक्षरांनी गच्च भरलेली पाने आढळली, तर वाचकहो, ती रद्दीत घालण्याची घाई करू नये. १९७५ नंतरची दहा-पंधरा वर्षे घरगुती संगणकाच्या आज्ञावल्या मासिकांतून अशाच छापून येत. हौशी वाचकाने ओळीमागून ओळ टंकावी, हाच रिवाज होता. एखादा स्वल्पविराम सुटला तरी रात्रभराचे श्रम वाया जात.

हे कष्ट वाचविण्याचे उपाय तेव्हाच शोधले गेले. अमेरिकेतील ‘इंटरफेस एज’ मासिकाने मे १९७७ च्या अंकासोबत लवचीक तबकडी दिली. तिच्यावर आज्ञावली ध्वनिरूपाने मुद्रित होती. ती ग्रामोफोनवर वाजवून संगणकाला ऐकवायची. नेदरलँड्समध्ये १९८० च्या सुमारास नभोवाणीवरूनच आज्ञावल्या प्रक्षेपित होत आणि श्रोते त्या कॅसेटवर उतरवून घेत. पुढे १९८५ मध्ये ‘सॉफ्टस्ट्रिप’ आली. कागदावर छापलेली ठिपक्यांची अरुंद पट्टी एक लहानसे यंत्र वाचून काढी. परंतु ते यंत्र निराळे विकत घ्यावे लागे. म्हणून बहुतेकांच्या नशिबी टंकनच राहिले.

आज स्कॅनरने पानाची प्रतिमा घेतली की अक्षरे ओळखण्याचे काम संगणकच करतो. तथापि येथेच खरी मेख आहे. पत्रातील पुसट शब्द आपण अर्थावरून जुळवतो. आज्ञावलीत तसा आधार थोडा. शून्य की इंग्रजी ‘ओ’, एक की ‘एल’, स्वल्पविराम की पूर्णविराम, हे फिकट छपाईत यंत्राला उमगत नाही. कधी तर ते अनोळखी अक्षरसमूहाला ओळखीच्या शब्दाचे रूप देऊन मोकळे होते!

यावरील उतारा त्याच पानावर छापलेला असू शकतो. ‘कंप्यूट!’ मासिकाने १९८३ पासून प्रत्येक ओळीलगत एक ताळ्याची खूण देण्यास आरंभ केला. ओळीतील अक्षरांच्या सांकेतिक अंकांवरून संगणक तीच खूण काढी. दोन्ही जुळल्या तर ओळ बरोबर. प्रारंभीच्या पद्धतीत शेजारची दोन अक्षरे उलटसुलट झाली तरी बेरीज तीच राही व चूक निसटे. १९८६ मध्ये अक्षराचे स्थानही हिशेबात घेतले गेले आणि तो दोष दूर झाला.

म्हणून स्कॅन करताना ओळींलगतच्या या खुणा कापू नयेत, संशयित ओळी मूळ पानाशी ताडून पाहाव्यात आणि काम संपल्यावरही पानाची प्रतिमा जपून ठेवावी. खुणाच नसतील, तर घरातील दोघांनी बसावे. एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने पडद्यावर पाहावे. पोथीची नक्कल ताडून पाहण्याचीही रीत हीच. बोटांचे श्रम यंत्राने वाचविले; डोळ्यांचे श्रम मात्र आपल्यालाच करावयाचे आहेत, असे आम्हांस वाटते.