माती-परीक्षण गावाजवळ : छोट्या यंत्राचा उपयोग व मर्यादा

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या सोनाळा (ता. संग्रामपूर, जि. बुलढाणा) यासारख्या गावांपासून जिल्ह्याचे ठिकाण बरेच दूर पडते. मातीच्या नमुन्याचे उत्तर मृगापूर्वी हाती आले नाही, तर कपाशीला वा सोयाबीनला अंदाजानेच खत द्यावे लागते. जमिनीत पुरेसे असलेले अन्नद्रव्य पुन्हा विकत घेतले जाते आणि ज्याची उणीव आहे ते तसेच राहून जाते. यास्तव परीक्षणाची सोय गावाजवळ होणे अगत्याचे आहे.

प्रयोगशाळेतील काम यंत्राकडून करून घेण्याची कल्पना नवी नाही. लिओनार्ड स्केग्ज यांचे स्वयंचलित पृथक्करण यंत्र अमेरिकेत १९५७ साली विक्रीस आले. परंतु तशी मोठी यंत्रे लहान प्रयोगशाळेस परवडत नाहीत. ही अडचण ओळखून भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेने ‘मृदापरीक्षक’ हा लहान संच आणि नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा’ मापक तयार केला.

अशा यंत्राचे कार्य स्फुरदाच्या उदाहरणावरून समजेल. चाळलेली माती सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात हलवून गाळतात. गाळलेल्या द्रवात ठरावीक रसायने घातली म्हणजे निळा रंग येतो. स्फुरद जितका अधिक, तितका रंग गडद. पूर्वी रंगमापकावरील आकडा वाचून, आलेख काढून हिशेब करावा लागे. छोट्या यंत्रात हा हिशेब आधीच भरलेला असतो. ते पिकानुसार खताची मात्राही सांगते. त्यामुळे थोडे शिक्षण घेतलेल्या ग्रामीण तरुणासही हे काम करता येते.

तथापि माती तोलणे व गाळणे ही कामे हातानेच करावी लागतात. म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. हलक्या व भारी जमिनीचे नमुने वेगळे घ्यावेत. बांध, झाडाची सावली व उकिरड्याची जागा टाळावी.

२. इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा २० ते २२ सेंटिमीटर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती घ्यावी. अनेक ठिकाणची माती मिसळून, चार भाग करीत अर्धा किलो ठेवावी.

३. मुदत संपलेली रसायने वापरू नयेत. ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे.

४. प्रमाणित द्रावणाने यंत्र वेळोवेळी तपासावे. अधूनमधून एखादा नमुना मोठ्या प्रयोगशाळेतही पाठवून उत्तरे ताडून पाहावीत.

यंत्र रंग अचूक मोजील. परंतु नमुनाच चुकीचा असेल तर उत्तरही चुकीचेच येईल. नमुना नीट घेणे हे शेतकऱ्याच्याच हाती आहे.