हरलेल्या सेनापतीचा जयजयकार सैनिकांनी का केला?



दिवाळीच्या तोंडावर ऑर्डरी हातात मावत नाहीत आणि नेमका त्याच आठवड्यात चांगला कारागीर येऊन म्हणतो, "शेठ, उद्यापासून येणार नाही." असं झालं की आपण दोनच गोष्टी करतो. एक तर घाईघाईने पगार वाढवतो, नाहीतर "आजकाल माणसंच टिकत नाहीत" म्हणून मोकळे होतो.

पण एक नोकरी अशी आहे, जिथे पगार बेताचा, वेळेवर जेवण मिळेल याची खात्री नाही आणि साहेबाचा हुकूम पाळताना जीवही जाऊ शकतो. तरी सैनिक साहेबाला सोडत नाही. का? हे नीट समजलं, तर चार माणसांचं वर्कशॉप चालवणाऱ्यालाही खूप शिकता येईल. म्हणून आज एकच उदाहरण जरा खोलात जाऊन बघू.

फक्त पराभव दाखवणारा साहेब

1942 साली जपानी सैन्याने ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, जिंकला. ब्रिटिश-भारतीय फौज सुमारे 1,450 किलोमीटर माघार घेत मे महिन्यात मणिपूरकडे पोहोचली. कपडे फाटलेले, अंगात मलेरिया, पोट अर्धं रिकामं. या फौजेचं नेतृत्व करत होते विल्यम स्लिम. बड्या घरातले नव्हते. वडिलांचा हार्डवेअरचा धंदा होता, तो बुडाला. मुलाने आधी प्राथमिक शाळेत शिकवलं, मग कारकुनी केली आणि पुढे सैन्यात गेला.

त्या माघारीत स्लिम यांनी आपल्या माणसांना पराभवच दाखवला होता. तरी ते निरोप घ्यायला गेले, तेव्हा हाडं वर आलेल्या त्या सैनिकांनी त्यांचा जयजयकार केला.

आता कोणी म्हणेल, पळून गेलं तर कोर्ट मार्शल होतं, म्हणून सैनिक थांबतो. खरं आहे. पण भीतीने माणूस फक्त जागेवर थांबतो. जखमी साथीदाराला गोळीबारातून उचलून आणायला भीती उपयोगाची नाही. आणि हरलेल्या साहेबाचा जयजयकार करा, असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही.

ऑक्टोबर 1943 मध्ये स्लिम यांच्याकडे चौदाव्या आर्मीची सूत्रं आली. तिच्यातले बहुसंख्य सैनिक भारतीय होते. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची एक बटालियन मार्च 1944 मध्ये मणिपुरात सांगशाकला लढली, ती याच आर्मीत. स्लिम यांनी या माणसांसाठी काय केलं, ते बघा.

1. आधी माणूस जगवला

1943 मध्ये एक जखमी मागे पाठवावा लागला, तर आजारी किती? 120! शत्रूपेक्षा डास जास्त माणसं पाडत होते. स्लिम यांनी मलेरियाचे उपचार आघाडीच्या जवळ आणले आणि जखमींना विमानाने हलवायची सोय वाढवली.

मेपाक्रिनची गोळी रोज घ्यायची होती. पण तिने पुरुषत्व जातं अशी अफवा पसरली होती, त्यामुळे सैनिक ती टाळायचे. स्लिम यांनी अचानक रक्ततपासणी सुरू केली. तुकडीतल्या 95 टक्के माणसांनी गोळी घेतलेली दिसली नाही, तर नोकरी जायची ती तुकडीच्या प्रमुखाची. अशा तिघांना त्यांनी काढलं. बाकीच्यांना लगेच समजलं!

तुमच्याकडे माल खराब निघाला, तर सगळ्यात आधी कोण ओरडा खातं? पोऱ्या की सुपरवायझर?

2. उपास वाटून घेतला

पुढच्या तुकड्यांना अर्ध्या रेशनवर राहायची वेळ आली, की स्लिम आपल्या मुख्यालयालाही अर्ध्या रेशनवर ठेवायचे. त्याने पुढे एक पोतंही जास्त जात नव्हतं. पण कार्यालयात बसून पुरवठ्याचे कागद हलवणाऱ्यांना पोटात आग म्हणजे काय, ते रोज कळायचं.

आपल्याकडे मंदी आली की पहिली कात्री कुठे लागते? कामगारांच्या चहाला. मालकाच्या गाडीचा हप्ता मात्र चालूच. माणसं बोलत नाहीत, पण बघत असतात.

3. खरं सांगितलं

स्लिम जीपच्या बॉनेटवर उभं राहून सैनिकांशी बोलायचे. गोऱ्यांशी इंग्रजीत, इतरांशी उर्दूत किंवा गुरखालीत. मोठी भाषणं नाहीत. जेवण, पगार, रजा, घरची पत्रं, लढाई कुठवर आली, हे आधी. मोठी गोष्ट शेवटी, तीही थोडक्यात.

सामान आपल्याला सगळ्यात शेवटी मिळणार, हे त्यांनी लपवलं नाही. पण तेवढ्यावर थांबलेही नाहीत. विमानातून सामान टाकायला रेशमी पॅराशूट पुरेना, तेव्हा कलकत्त्यात तागाचे पॅराशूट बनवून घेतले. खर्च अगदी थोडा. "नाही" सांगितल्यावर साहेब स्वतः मार्ग शोधतो, हे दिसलं की माणसं "नाही" सुद्धा ऐकून घेतात.

समोरच्या बाजूलाही हेच

त्याच जंगलात पलीकडे आझाद हिंद सेना लढत होती, देशाच्या स्वातंत्र्यासाठी. तिच्यातले कित्येक जण आधी ब्रिटिशांच्याच फौजेत होते. फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर पडलं, तेव्हा भारतीय सैनिकांना वेगळं काढून फॅरर पार्कच्या मैदानात जपान्यांच्या हवाली केलं गेलं. देशप्रेम तर होतंच. पण ज्यांनी आपल्याला असं सोपवून दिलं, त्यांच्याशी इमान कसलं ठेवायचं?

आणि एप्रिल 1945 मध्ये रंगून सोडावं लागलं, तेव्हा नेताजी सुभाषचंद्र बोस राणी झाशी रेजिमेंटच्या मुलींना मागे टाकून निघून गेले नाहीत. त्यांच्याबरोबर पायी चालले. ध्येयं वेगळी, झेंडे वेगळे, पण माणसांनी नेत्यात बघितलं ते एकच: वाईट वेळ आली की हा कुठे असतो?

स्लिम यांना त्याचं उत्तर मे 1945 मध्ये मिळालं. रंगून हाती आल्यावर वरिष्ठांनी त्यांना चौदाव्या आर्मीवरून हलवायचं ठरवलं. फौजेत इतका संताप उसळला, की निर्णय फिरवावा लागला. शेवटी पद गेलं ते हलवायला निघालेल्या वरिष्ठाचं, आणि स्लिम यांना बढती मिळाली. सैनिक त्यांना "अंकल बिल" म्हणायचे, ते उगाच नाही.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा

तुमचं दुकान म्हणजे युद्ध नाही. "आपण सगळे एक कुटुंब आहोत" म्हणून दोन महिन्यांचा पगार थकवणं, हे नेतृत्व नाही. ती उधारी आहे, तीही समोरच्याला न विचारता घेतलेली. सैनिक राजीनामा देऊन सकाळी घरी जाऊ शकत नाही. तुमचा माणूस जाऊ शकतो, आणि तो त्याचा हक्क आहे. म्हणून तुम्हाला त्याचा विश्वास कमवायला जास्त कष्ट घ्यावे लागणार.

या आठवड्याचं काम

वही घ्या आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहा.

1. माझ्या माणसाचं कामाच्या जागेवरचं सगळ्यात मोठं दुखणं कोणतं? पंखा, पाणी, बाथरूम, सुट्टी, काहीही असेल. अंदाज नको, विचारून लिहा.
2. मागच्या मंदीत मी माझा कोणता खर्च आधी कमी केला?
3. धंद्यातली कोणती अडचण मी माणसांपासून लपवतोय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, की ते दुखणं सीझन सुरू व्हायच्या आधी दूर करा. ऑर्डरी आल्यावर केलेली माया माणसाला बरोबर ओळखता येते.